दुबईला गेलेले बाबा

आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांचे बाबा दुबईला असतात. काहींचे गुजरातच्या कंपनीत, काहींचे मुंबईला कुठल्याशा साहेबांकडे, एखाद्याचे मिलिटरीत. पहिली-दुसरीतलं मूल हे सांगतं तेव्हा त्याच्या आवाजात पाठांतर ऐकू येतं. मी नाशिक रोडला, जेल रोड परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि इतक्या वर्षांत ते पाठांतर मला ओळखू येऊ लागलं आहे. ज्याचे बाबा खरंच दुबईला आहेत ते मूल तिकडून आलेल्या खजुराबद्दल बोलतं, व्हिडिओ कॉलवर दिसलेल्या उंच इमारतीबद्दल बोलतं. पाठ केलेलं सांगणाऱ्या मुलांच्या दुबईत खजूर नसतो, इमारत नसते आणि परत यायचा महिनाही नसतो, कारण त्यांचे बाबा खरं तर तुरुंगात असतात.

मध्यवर्ती कारागृह आमच्या रोजच्या वाटेवरचं. भाजी आणायला जाताना, रिक्षाची वाट बघताना त्याची भिंत सोबत असते. तिच्याआडचे कितीतरी बंदी, म्हणजे कैदी, धुळे, नंदुरबार, जळगावकडचे. आणि आमच्या वस्तीतले काही बाप इथे, तर काही ठाण्याला, काही येरवड्याला. घराशेजारी तुरुंग असूनही आमच्यातल्या काही मुलांना बापाचं तोंड बघायला एसटीच गाठावी लागते.

घरच्यांवर राग काढण्यात अर्थ नाही. रात्री दोनला पोलिसांची गाडी येते, दार वाजतं, माणसानं चप्पल घालायच्या आत त्याला गाडीत बसवलेलं असतं. पोरं अंथरुणात उठून बसलेली असतात. ‘कुठे नेलं?’ असं त्यातलं एक विचारतं आणि आजीच्या तोंडून सुचेल ते निघून जातं. सकाळी तेच शेजाऱ्यांना सांगावं लागतं, मग किराणावाल्याला, मग शाळेला. आठवडाभरात ते उत्तर सांभाळणं ही अख्ख्या घराची जबाबदारी होऊन बसते. आणि ती सर्वांत चोख कोण पार पाडतं, तर ज्यानं दाराआडून सगळं पाहिलेलं असतं ते पोर.

तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी घुटमळत होती. डबा उघडलेला नव्हता. मी काही विचारलं नाही, वह्या तपासत राहिले. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, “मॅडम, माझे पप्पा जेलमध्ये आहेत. पण मला माहितीये हे आजीला सांगू नका. ती रडते.” आजी नातीपासून लपवत होती, नात आजीपासून. एकाच खोलीत दोघी, रात्री एकाच गोधडीत झोपणाऱ्या.

जे बोलायचंच नाही असं घरानं ठरवलंय त्याबद्दल मूल विचारणार कुणाला? मग ते आपल्या मनानं उत्तरं तयार करतं. बाबांना तिथे मारत असतील. त्यांना जेवायला देत नसतील. ते कधीच गेले असतील आणि मला कुणी सांगत नसेल. आणि लहान मुलांच्या मनात हमखास येणारी एक गोष्ट: हे माझ्यामुळे झालं. दुसरीतल्या एका मुलाची खात्री होती की त्यानं सायकलचा हट्ट धरला म्हणून बाबांनी चोरी केली. ही खात्री तो कित्येक महिने एकटाच वागवत होता. वर्गात तो मारामाऱ्या करायचा, रात्री अंथरूण ओलं करायचा, आणि घरचे म्हणायचे, बाप नाही ना धाकाला, म्हणून बिघडलाय.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत नववं कलम आहे. भारतानं ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. शासनाच्या कारवाईमुळे, म्हणजे अटक, तुरुंगवास, हद्दपारी अशा कशामुळे आई किंवा वडील मुलापासून दूर गेले, तर ते कुठे आहेत याची माहिती मागितल्यावर मुलाला किंवा कुटुंबाला दिली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. मुलाच्याच हिताला बाध येत असेल तेवढाच अपवाद. बाबा कुठे आहेत हे कळणं हा मुलाचा हक्क आहे, मोठ्यांनी मर्जीनं करायची कृपा नाही, हे इतक्या स्वच्छ शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. पालकसभेनंतर एखाद्या आजीला थांबवून घेते तेव्हा हे कलम मी तिला सांगत नाही. पण बोलायचं बळ मला तिथून मिळतं.

आजीला मी वाक्यं सांगते. अगदी तोंडपाठ करून घ्यावी अशी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगायचं, “बाबा तुरुंगात आहेत. ती एक मोठी बंद जागा असते, तिथून त्यांना मनात आलं की बाहेर येता येत नाही. त्यांनी नियम मोडला असं पोलिसांचं म्हणणं आहे. खरं काय ते कोर्टात ठरेल. तिथे ते जेवतात, झोपतात, आजारी पडले तर डॉक्टर असतात. त्यांना तुझी आठवण येते. आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही.” शेवटचं वाक्य एकदा सांगून भागत नाही. ते आंघोळ घालताना सांगावं, वेणी घालताना सांगावं, मुलानं विचारलं नाही तरी सांगावं.

आणि “कधी येणार?” याला “माहीत नाही” हेच उत्तर द्यावं. हे सर्वांत जड जातं. “दिवाळीला येतील” असं म्हणून टाकायचा मोह होतो, पण दिवाळी येतेच. देशातल्या तुरुंगांची २०२२ची सरकारी आकडेवारी पाहिली तर ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते. चारातले तीन. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे आणि ते केव्हा सुटतील हे त्यांच्या वकिलालाही सांगता येत नाही. शिक्षा झालेल्याच्या मुलाला निदान वर्षं मोजता येतात. कच्च्या कैद्याच्या मुलाला फक्त पुढची तारीख असते आणि त्या तारखेला काय होणार तर बहुतेक वेळा आणखी पुढची तारीख.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांचं निराळं असतं. त्यांना आपण सांगायच्या आत मोबाइलनं सांगितलेलं असतं. पाचवीतल्या एका मुलानं आपल्या वडिलांना गल्लीतल्या ग्रुपवर आलेल्या बातमीच्या क्लिपमध्ये पाहिलं. तोंडावर काळं कापड होतं. “पण शर्ट आम्ही दोघांनी मिळून घेतला होता,” तो म्हणाला. अशा मुलापुढे गोलमोल बोलून चालत नाही. वडिलांनी केलं ते चूक होतं, त्यात कुणाचंतरी नुकसान झालं, हे त्याला सरळ सांगावं. ते तुझे वडील आहेत आणि तुला त्यांच्याबद्दल माया वाटणं चूक नाही, हेही त्याच दमात सांगावं. मोठ्या माणसांना या दोन गोष्टी एकत्र धरता येत नाहीत, आपण लगेच एक बाजू घेतो. मुलांना येतात. त्यांना फक्त कुणीतरी तशी परवानगी द्यावी लागते.

त्याच सरकारी अहवालात आणखी एक रकाना आहे, आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांचा. २०२२ अखेर १,५३७ स्त्रियांबरोबर १,७६४ मुलं आत होती. ती मोजली जातात, कारण ती भिंतीच्या आत आहेत. बाहेर राहिलेल्या मुलांचा रकानाच नाही. पावणेसहा लाख बंद्यांपैकी किती जणांना मुलं आहेत, ती कुठे आहेत, कुणाजवळ आहेत, शाळेत जातात की नाही, हे अहवाल विचारत नाही. अटक करताना नाव, पत्ता, अंगावरच्या खुणा, जप्त वस्तू, सगळं लिहून घेतात. “घरी लहान मुलं आहेत का, त्यांना आज रात्री कोण बघणार?” हा प्रश्नही तिथेच, त्याच वेळी विचारून नोंदवायला हवा. या एका प्रश्नानं निम्मं काम होईल असं मला मनापासून वाटतं.

आतल्या मुलांसाठी निदान नियम तरी झाले. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००६ मध्ये सविस्तर निर्देश दिले. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. त्याला बंदी समजायचं नाही. त्याला वेगळा आहार, औषधपाणी, पाळणाघर, बालवाडी मिळाली पाहिजे. तुरुंगात जन्म झाला तर जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचं नाव घालायचं नाही. दर गोकुळाष्टमीला आपण कारागृहात जन्मलेल्या बाळाचा पाळणा हलवतो. खऱ्याखुऱ्या बाळाच्या दाखल्यावरचा तो शिक्का टाळायला मात्र न्यायालयाला सांगावं लागलं.

सहा वर्षं पूर्ण झाली की मूल आईपासून वेगळं होतं. आई सांगेल त्या नातेवाइकाकडे जातं, नाहीतर बालगृहात. आमच्या शाळेत असा एक मुलगा पहिलीत आला होता, मावशीकडे राहणारा. दार सताड उघडं असलं तरी तो उंबऱ्याशी थांबायचा, कुणीतरी “जा” म्हणेपर्यंत. कुठलाही पुरुष दिसला की “साहेब” म्हणायचा. आमच्या शिपाईकाकांनाही, आणि ते बिचारे प्रत्येक वेळी ओशाळायचे. संध्याकाळी अंधारात बाहेर राहायची त्याला सवयच नव्हती, कारण बराकी दिवेलागणीच्या आत बंद होतात. मावशीनं त्याला गच्चीवर नेऊन निजवायला सुरुवात केली. बाकी कुणी काही विशेष केलं नाही. दारातून बाहेर पडायला परवानगी लागत नाही हे कळायला त्याला निम्मं वर्ष लागलं, आणि ते आम्ही लागू दिलं.

आई आत गेली की घर कसं विस्कटतं हे वेगळं सांगायला नको. वडील गेले तर आई धुणीभांडी करून, कंपनीत पाळ्या करून पोरं एका छपराखाली ठेवते. आई गेली तर एक मूल आजोळी, एक काकांकडे, एक आश्रमशाळेत. देशातल्या बंद्यांमध्ये स्त्रिया चार टक्क्यांच्या आसपास, म्हणून त्यांच्या मुलांकडे लक्षही तेवढंच. आणि आत असलेल्या बाईला भेटायला फारसं कुणी येत नाही. नवऱ्यासाठी दर आठवड्याला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका मी पुष्कळ बघते, बायकोसाठी उभे राहणारे पुरुष क्वचित.

मुलाखतीबद्दल, म्हणजे तुरुंगातल्या भेटीबद्दल, थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ज्यांना कधी जावं लागलं नाही त्यांना ती कशी असते ते ठाऊक नसतं. नाव नोंदवायचं, आधार कार्ड दाखवायचं, पिशव्या-मोबाइल बाहेर ठेवायचे, आणि बसून राहायचं. पुकारा झाला की काचेच्या किंवा जाळीच्या अलीकडे उभं राहायचं. पलीकडून बाबा येतात. बोलणं इंटरकॉमवर, आणि रिसीव्हर एकच असतो. आई आधी वकिलाचं बोलते, जामिनाचं बोलते, जामीनदार कोण मिळेल ते, मग पैशांचं. मुलाच्या वाट्याला शेवटची दोन-तीन मिनिटं. त्यात “अभ्यास करतोस का? आईला त्रास देऊ नको” एवढं होतं आणि वेळ संपतो. मुलाखती कामाच्या दिवशी, म्हणजे शाळेच्याही दिवशी. हजेरीपटावर त्या दिवशी गैरहजेरी पडते आणि कारण काय सांगायचं हा घरापुढे पुन्हा तोच प्रश्न. मी आता कारण विचारत नाही. दुसऱ्या दिवशी बुडालेला अभ्यास करून घेते.

यात थोडाफार बदल झालाय. २०२० मध्ये साथीमुळे मुलाखती बंद पडल्या तेव्हा व्हिडिओ कॉल सुरू झाले, आणि ई-मुलाखतीची सोय पुढेही राहिली. लांबच्या कुटुंबांना तिचा फार आधार आहे. गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूरला जायचं म्हणजे एका मुलाखतीपायी दोन दिवसांची मजुरी बुडते. पण माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत मोलाची आहे ती गळाभेट. राज्यातल्या कारागृहांत अधूनमधून हा कार्यक्रम होतो, मुख्यतः शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी. त्या दिवशी काच नसते. मुलं वडिलांच्या मांडीवर बसतात, त्यांच्या हातचं खातात. गळाभेटीहून आलेली चौथीतली एक मुलगी मला म्हणाली होती, “पप्पांच्या अंगाला दुसऱ्याच साबणाचा वास येतो.” ही तक्रार नव्हती. तिला एक नवी माहिती मिळाली होती, आणि ती माहिती काचेतून मिळत नाही.

म्हणून मला वाटतं की गळाभेट हा वर्षातला समारंभ राहू नये, लहान मुलांच्या मुलाखतीची ती नेहमीची पद्धत व्हावी. कच्च्या कैद्यांच्या मुलांसाठी तर आधी, कारण त्यांच्या बापांवर गुन्हा सिद्धच झालेला नाही. सुरक्षेचं कारण सांगतात, ते खोटं नाही. पण याच महाराष्ट्रात, सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानानं मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून ती खुली वसाहत उभी केली. तिथे शिक्षा भोगणारा माणूस शेतात राबतो आणि बायकामुलांसह राहतो. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका लहानशा संस्थानाला जमलं ते आपल्याला अगदीच अशक्य आहे, हे मला पटत नाही.

आमच्या कारागृहातले बंदी गणपतीच्या मूर्ती घडवतात. भाद्रपदाच्या आधी त्या विक्रीला येतात आणि चांगली गर्दी होते. एका मुलाच्या आजीनं पैसे साठवून तिथलीच लहान मूर्ती आणली, कारण मुलगा आत मूर्तिकामाला होता. ही मूर्ती त्याच्याच हातची असं कुणी सांगू शकत नाही, पण नातवानं शाळेत येऊन जाहीर केलं, “आमचा गणपती पप्पांनी केलाय.” दुबई तिथे संपली. वर्गातली मुलं आरतीला त्याच्या घरी जाऊन आली. काही पालकांनी पाठवलं नाही, पण काहींनी पाठवलं.

लाज ही बाहेरून येते. आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत गेलेल्यांची मुलंसुद्धा येरवड्याच्या, नाशिक रोडच्या फाटकासमोर अशीच ताटकळली होती. आज पन्नाशी-साठीत असलेली ती माणसं त्या भेटींबद्दल अभिमानानं बोलतात, आणि त्यांनी का बोलू नये? पण सात वर्षांच्या मुलाला मिसा काय आणि चोरीचं कलम काय. दोघांचीही रात्र सारखीच लांब असते. फरक एवढाच की एकाला गल्ली म्हणते, “तुझे बाबा मोठे आहेत,” आणि दुसऱ्याला म्हणते, “ह्याच्याशी खेळू नको.” मुलाचं पुढे काय होतं ते पुष्कळसं या वाक्यावर अवलंबून असतं, आणि हे वाक्य आपल्या हातात आहे.

काही समाजांना तर ते वाक्य जन्माआधीच चिकटलेलं आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात अख्खी कुटुंबं, पोराबाळांसकट, डांबली गेली. त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी कुठे चोरी झाली की आधी पालावर गाडी जाते, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी २०१२ पासून फासेपारधी मुलांसाठी शाळा उभी केली, तिचं नावच प्रश्नचिन्ह. समृद्धी महामार्गात तिचा काही भाग गेला, तरी ते चालवत राहिले. ज्या पोरानं पोलिसांना फक्त माणसं उचलून नेताना पाहिलंय, त्याला सकाळी उठून जायला एक जागा असणं किती मोठं आहे, हे शिक्षकी पेशातल्या कुणालाही कळेल.

भावंडं आत असतात तेव्हाची गोष्ट आणखी वेगळी. थोरला भाऊ मारामारीत आत गेला की धाकट्याला लाज वाटत नाही, उलट त्याचा भाव वधारतो. सातवी-आठवीतला मुलगा अचानक “भाईचा भाऊ” होतो. चौकातली पोरं त्याला चहा पाजतात, मोटारसायकलवर मागे बसवतात. त्याच्या दुःखाकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण ते दुःखासारखं दिसत नाही. अशा मुलांशी बोलताना मी भावाच्या गुन्ह्याबद्दल बोलत नाही. भाऊ आत काय खातो, रात्री झोपतो का, गेल्या मुलाखतीत रडला का, हे विचारते. बहुतेक वेळा तो रडलेला असतो. धाकट्यानं ते चौकात कधी सांगितलेलं नसतं.

आणि कागद. गहिवरापेक्षा या मुलांना कागदांची गरज जास्त असते, असं माझं स्पष्ट मत आहे. जातीच्या दाखल्याला वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, बँकेच्या खात्याला पालक लागतो, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही लागते. आजीचा अंगठा प्रत्येक खिडकीवर चालत नाही. शाळेनं एवढं तरी करावं: बोनाफाईड विनाविलंब द्यावं, आणि “वडिलांनाच पाठवा” हे वाक्य आपल्या तोंडून काढून टाकावं. राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुले यांच्या नावानं. मूल नातेवाइकांकडे राहत असेल तरी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे, आदेश बालकल्याण समितीचा. जन्मठेपेच्या बंद्यांच्या मुलांचा तिच्यात स्पष्ट उल्लेख आहे. कच्च्या कैद्याच्या मुलासाठी कुटुंब संकटात आहे असं दाखवून अर्ज करावा लागतो. कोठडीतल्या कुणालाही, त्याच्या उत्पन्नाचा विचार न करता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हे माहीत नसल्यामुळे सावकाराकडे मंगळसूत्र ठेवलेल्या बायका मला भेटल्या आहेत. मूल अगदीच उघड्यावर पडलं असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास प्रकल्प १९९० पासून बंदी आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतो. तसं काम जिल्ह्याजिल्ह्यात हवं.

एक प्रसंग असा असतो की माझं “खरं सांगा, भेटू द्या” हे तिथे तसंच्या तसं चालत नाही. बापानं आईचा खून केलेला असतो. मूल आजोळी असतं, आणि आजी-आजोबांच्या घरात त्या माणसाचं नावही काढायचं नसतं. मुलीचा खून झालेल्या आईबापांना मी काय सांगणार? तिथे खरं सांगायचंच, कारण ते मूल कधीकधी स्वतः साक्षीदार असतं. पण भेटीचा निर्णय मुलावर सोडावा, त्याचं वय वाढेल तसा पुन्हापुन्हा विचारावा, आणि त्यानं नाही म्हटलं तर तो नकार मान्य करावा. त्यानं हो म्हटलं तर आजोळानं तो विश्वासघात समजू नये. हे लिहायला सोपं आहे. एका आजोबांना ते वर्षानुवर्षं जमलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

संचित रजेवर, म्हणजे शिक्षा चालू असताना मिळणाऱ्या काही दिवसांच्या सुट्टीवर, माणूस घरी येतो तेव्हा शेजारी समजतात की आता सगळं आनंदाचं. मुलासाठी ते दिवस अवघड असतात. तो गेला तेव्हा मूल बोबडं बोलत होतं, आता भागाकार करतं. बाप त्याला अजून तसाच कडेवर घ्यायला बघतो. घरातले निर्णय मधल्या काळात आई घ्यायला लागलेली असते, आणि बापाला चहाची साखर कुठल्या डब्यात आहे तेही माहीत नसतं. त्यात रोज पोलीस चौकीत हजेरी. मूल तिसऱ्या दिवशी विचारतं, “पप्पा परत कधी जाणार?” बापाच्या काळजाला ते लागतं. त्याला मी समजावते की हे नकोसेपण नाही. मुलाला फक्त तारीख हवी आहे, यावेळी तरी खरी.

लोक मला विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: ज्याचा बाप मारला गेला त्या पोराचं काय? त्याच्यासाठी कोण लिहितं? गेल्या वर्षी वस्तीत दारूच्या भांडणातून एक माणूस जिवानिशी गेला. गेलेल्याचा मुलगा आमच्या शाळेत, आणि ज्याला अटक झाली त्याची मुलगीही आमच्याच शाळेत, एकाच इयत्तेत. मुलाची आई आली आणि म्हणाली, तिला माझ्या पोराच्या वर्गात बसवू नका. आम्ही दोघांच्या तुकड्या वेगळ्या केल्या, आणि ते बरोबरच होतं. त्याचं दुःख आधी. तरी खिचडीची रांग एकच आहे, मैदान एकच आहे. रांगेत त्यांच्यामध्ये मी उभी राहते. दोघांनाही माझ्याशी बोलावंसं वाटतं, आणि एकाशी बोलताना दुसरं बघत असतं.

त्या मुलाच्या आईला पीडितांसाठीच्या नुकसानभरपाईचा अर्ज करायला मी विधी सेवा प्राधिकरणात घेऊन गेले. मुलीच्या आजीचा मोफत वकिलाचा अर्जही त्याच कार्यालयात आहे. बालसंगोपनचे दोघांचे अर्ज मी लागोपाठ भरून घेतले. त्याचा मंजूर झाला, पैसे यायला लागले, त्याची वह्या-पुस्तकं आली. तिच्या अर्जावर तपशील मागणारं पत्र आलंय: वडील नक्की किती काळासाठी कारागृहात आहेत ते कळवावं. खटला अजून उभाच राहिलेला नाही, त्यामुळे हे कुणालाच कळवता येणार नाही. तेवढंच लिहून, कारागृहाचा दाखला जोडून आम्ही उत्तर दिलं आहे. समितीच्या पुढच्या बैठकीला तिच्या आजीबरोबर मीही जाणार आहे.